मस्त चालत होती, तर उभी का केली?

वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली जुनी मोटार विकत घ्यायची म्हणून बघायला गेलं की मालकाच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं : "उभी केली तेव्हा मस्त चालत होती." ते खोटं असतं असं मला वाटत नाही. पण मस्त चालत होती, तर उभी का केली, हे विचारायला हौशी माणूस लाजतो.

उत्तर चटकन येत नाही. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या की मग कळतं, गिअर टाकताना आवाज यायचा. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. तेवढं काम करून घ्यायचं होतं, ते राहूनच गेलं. वीस वर्षं उभी ठेवायची असं ठरवून गाडी कुणी उभी करत नाही; पुढच्या रविवारी बघू म्हणून करतात.

मालकाच्या आठवणीला एक साक्षीदारही असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. (तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा.) मालक वीस वर्षं म्हणतो आणि टायर २०१४चा निघतो, तेव्हा मधे कुणीतरी गाडी चालू करायचा घाट घातला होता आणि तो फसला, असं समजून पुढचं ऐकावं.

एवढ्यात कुणीतरी उत्साहाने म्हणतंच, "बॅटरी लावून बघू या का?" अजिबात नको! टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकट राळ झालेला असतो, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असू शकतात. आधी स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीचे) काढावेत, त्या भोकांतून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, ते मुरू द्यावं आणि पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघावं. फिरलं तर बरंच. नाही फिरलं तरी मी फारसा घाबरत नाही. इंजिन खाली उतरवता येतं.

पत्र्याचं तसं नाही. दाराखालचा पट्टा, गालिच्याखालचा गाडीचा तळ, सस्पेन्शन (धक्के झेलणारी स्प्रिंगांची जोडणी) जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरतं त्या जागा : तिथे गंज लागला असेल तर वरचा चकचकीत रंग म्हणजे नुसता मुलामा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवत जावं. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे.

आणि हरवलेल्या वस्तू! दिव्याची काच, क्रोमची पट्टी, दाराची मूठ. दुर्मीळ गाडीचं कौतुक सगळ्यांना, पण तिची एक पट्टी शोधण्यात उमेद संपते. फोक्सवॅगन बीटल २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या, २००३पर्यंत बनत होत्या. तिचे सुटे भाग आजही नवे मिळतात. नवशिक्याने आधी अशाच गाडीच्या प्रेमात पडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीच्या भावाचं म्हणाल, तर जे दिसत नाही ते खराबच आहे असं धरावं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. म्हणजे ब्रेक सगळे नव्याने करायचे. रबरी नळ्या बदलायच्या, टाकी साफ करायची, टायर टाकायचे. तशाच, पण धावत्या गाडीचा जो भाव असेल, त्यातून हा खर्च वजा करावा, शिवाय पोटात दडलेल्या दुखण्यांसाठी बरीच रक्कम हातची राखावी. उरलेला आकडा लाजिरवाणा वाटतो. तरी तोच सांगावा.

मालकाच्या डोक्यात मात्र लिलावात विकल्या गेलेल्या, लखलखीत गाडीचा आकडा असतो. तिथे गंजाची यादी वाचून दाखवू नये. ती त्याच्या वडिलांची गाडी असते. तुम्ही पुट्टी म्हणता, त्याला ते वडिलांवरचं बोट वाटतं. आपला आकडा, गाडी कोण उचलून नेणार आणि कागद कुणाच्या नावावर आहेत, एवढं बोलावं. इंजिन आणि चेसिसचा नंबर कागदांशी जुळत नसेल, तर आकडाही बोलू नये.

नकार आला तर फोन नंबर देऊन यावं. सौदा जमलाच, तर माळ्यावरचं खोकंही मागून घ्यावं. चौथी व्हीलकॅप बहुधा त्यातच असते.