कोर्तोनाच्या चाली, आजीची चाल

रविवार, दुपार

काल रात्री कोर्तोनाहून, तिथल्या जुन्या लाउदांचा, म्हणजे स्तवनगीतांचा, कार्यक्रम ऐकून घरी यायला साडेअकरा झाले, आणि मग झोपच लागेना. एकच ध्रुपद कानात फिरत होतं. 'वेनीते आ लाउदारे', म्हणजे या, स्तवनाला या. सकाळी चहा गाळतानाही ओठांवर तेच. विरून जायच्या आत लिहून ठेवते.

इथे इटलीतल्या आरेत्सोत स्टेशनजवळच्या चौकात ग्वीदो भिक्षूचा पुतळा आहे. कामावर जाताना रोज त्याच्यासमोरून जाते. हजार वर्षांपूर्वी याच गावात, चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना शिकवता शिकवता त्याने आडव्या रेघांवर सूर मांडायची रीत बसवली. उत्, रे, मी, फा, सोल, ला ही आपल्या सारेगमसारखी अक्षरंही त्याचीच. त्याआधी सगळं गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करायचं. दहा वर्षं घासूनही जे नीट येत नसे ते माझ्या रीतीने वर्षा-दोन वर्षांत येतं, असं त्याने एका पत्रात लिहून ठेवलं आहे. कालपर्यंत मला त्याचं नुसतं कौतुक वाटायचं. काल पहिल्यांदा कळलं की त्याच्या रेघांतून काय निसटतं.

घरमालकीणबाईंनी गाडी काढली म्हणून जाणं झालं. कोर्तोना डोंगरउतारावरचं गाव, सगळ्या गल्ल्या चढाच्या. एकच रस्ता सपाट, म्हणून गावकरी त्याला 'रूगापियाना' म्हणतात, सपाट गल्ली. सान फ्रान्चेस्कोचं चर्च मात्र चढावरच. बाई सत्तरीच्या, तरी माझ्या पुढे. संत फ्रान्सिसचे सोबती एलियास यांनी १२४५च्या सुमारास हे चर्च बांधायला घेतलं, आणि त्यांना पुरलं आहे तेही इथेच.

तेराव्या शतकात या चर्चच्या आश्रयाने लाउदा गाणाऱ्यांचं एक मंडळ होतं. धर्मगुरूंचं नव्हे, गावातल्या प्रापंचिक माणसांचं. चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये, पण हे लोक जमून आपल्या रोजच्या बोलीत गायचे: मारियेचं स्तवन, येशूचा जन्म, त्याचं मरण, संतांची चरित्रं. मला तर सरळ भजनी मंडळच दिसतं डोळ्यांसमोर. त्यांची वही उरली आहे. १८७६मध्ये जिरोलामो मांचीनी या अभ्यासकाला ती कोर्तोनातच सापडली आणि अजून गावच्या ग्रंथालयातच आहे. तिच्यातल्या चाळीसहून अधिक लाउदांवर चार रेघा ओढून चौकोनी ठिपक्यांत चाली लिहिल्या आहेत. इटालियन बोलीतल्या गाण्यांच्या इतक्या जुन्या चाली दुसरीकडे क्वचितच मिळतात.

सातच गायक होते. चार बायका, तीन पुरुष, आणि त्यांतल्याच एकीच्या हातात गजाने वाजवायचं विएला. सुरुवात गाण्याने झालीच नाही. एकजण पुढे आला आणि संत फ्रान्सिसची सूर्यस्तुती त्याने नुसती वाचली. सूर्य भाऊ, चंद्र बहीण, पाणी बहीण, आणि शेवटी मृत्यूही बहीणच. वाचून झाल्यावर त्याने कारण सांगितलं. असीसीत या स्तुतीची जी सर्वांत जुनी प्रत आहे, तिच्यात शब्दांच्या वर सुरांसाठी जागा सोडली आहे. लिहिणाऱ्याच्या मनात चाल लिहायची होती हे उघड आहे. पण ती जागा कोरीच राहिली. म्हणून आम्ही ती गात नाही, म्हणाला. मला हे फार आवडलं. एखादी चाल लावून देणं त्यांना काय कठीण होतं?

मग 'वेनीते आ लाउदारे'. वहीतली पहिलीच लाउदा. ध्रुपद सगळ्यांनी मिळून, कडवं एकाने, पुन्हा ध्रुपद. कडव्याच्या शेवटच्या ओळी ध्रुपदाच्याच चालीवर येतात, त्यामुळे आता आपण उचलायचं हे कुणी खूण न करताही कळतं. तिसऱ्या कडव्याला मी श्वास घेऊन तयार बसले होते, आणि माझ्या उजव्या हाताचा तळवा डाव्यावर टेकला होता. टाळ असल्यासारखा.

इकडच्या आणि तिकडच्या परंपरेत ओढूनताणून नातं जोडायची मला हौस नाही. कोर्तोनाच्या माणसांनी पंढरपूरचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. पण इथे ही माणसं लॅटिन बाजूला ठेवून बोलीत गात होती त्याच शतकात, १२९०मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. आणि यांच्या काही लाउदांच्या ओळींत गार्झो हे कवीचं नाव येतं, जसं आपल्याकडे 'नामा म्हणे' येतं. ते नाव ऐकताना अंगावर काटा आला, हे खरं.

'ओन्ने ओमो', म्हणजे प्रत्येक माणूस, ही खऱ्या क्रुसाची लाउदा. ज्या क्रुसाचं हे गाणं, त्याचाच म्हणून जपलेला लाकडाचा तुकडा त्याच चर्चमध्ये हस्तिदंती कोरीव पाटीत ठेवला आहे. एलियास यांनी तो कॉन्स्टँटिनोपलहून आणलेला. हे माहीत असल्यामुळे मी आसुसून बसले होते. पण इथे त्यांनी डफ घेतला आणि तीन-तीनच्या ठेक्यात इतका धरला की गाणं नाचायला लागलं. मला नाही पटलं. घरमालकीणबाईंना मात्र तेच सर्वांत आवडलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आमच्या शेतावरचे म्हातारे असंच 'ओमो' म्हणायचे, 'उओमो' नाही." सातशे वर्षांपूर्वीचा शब्द त्यांना घरातला वाटला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी डफाबद्दल काही बोलले नाही.

परतताना गाडीत त्यावरच विचार करत होते. डफ चूक, असं तरी कसं म्हणू? वहीतले ठिपके सूर सांगतात: इथे चढ, इथे उतर, या शब्दावर दोन सूर. पण कोणता सूर किती थांबायचा, ठेका तीनचा की चारचा, की ठेकाच नाही, यातलं काहीही ते सांगत नाहीत. मंडळातल्या माणसांना ते सांगायची गरजच नव्हती, लय त्यांच्या अंगात होती. ती माणसं गेली, लय त्यांच्याबरोबर गेली. आता प्रत्येक गटाला ती नव्याने ठरवावी लागते, आणि एकाची दुसऱ्याशी जुळत नाही.

तसंच 'त्रोप्पो पेर्दे'. जो तुझ्यावर प्रेम करत नाही तो फार वेळ वाया घालवतो, गोड येशू. हे एकीनेच गायलं, ठेक्याशिवाय. खाली एका पुरुषाने नुसता खर्ज धरला होता, तंबोऱ्यासारखा. 'आमोर', म्हणजे प्रेम, हा शब्द आला की ती थांबायची. दर वेळी सारखी नाही, कधी जास्त, कधी निसटतं. ठिपक्यांत हे लिहिलेलं नाही. तरी तेच खरं वाटत होतं. चर्चमध्ये कुणी खोकलंही नाही.

आजीची आठवण तेव्हा आली. सातारकडच्या आमच्या गावी एकादशीला मारुतीच्या देवळात रात्रभर भजन असायचं. जनाबाईच्या एका अभंगाला आजीची स्वतःची चाल होती. दुसरं कुणी तसं म्हणत नसे. तीही एका शब्दावर अशीच थांबायची, आणि पखवाजवाले आबा हात वर धरून वाट पाहायचे. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. शब्द गाथेत छापलेले आहेत, कुठेही मिळतील. चाल कुठेच नाही. आमच्या घरात टेपरेकॉर्डर होता, त्यावर माझ्या बारशाची कॅसेट आहे. आजीचं भजन भरून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

शेवटी गायकांनी सगळ्यांना उभं केलं आणि पहिल्या लाउदेचं ध्रुपद म्हणायला लावलं. हातात छापील कागद होता. मी मोकळ्या गळ्याने गायले. या देशात चार वर्षं झाली, दहा माणसांत माझा आवाज असा कधी निघाला नव्हता.

आज सकाळी आईला फोन केला. आजीची ती चाल म्हणून दाखव म्हटलं. आधी नाही नाही म्हणाली, मग स्वयंपाकघरातूनच गुणगुणली. ध्रुपद बरोबर आलं, थेट आजीच. पहिल्या कडव्याच्या दोन ओळी आल्या. तिसरीला ती अडली, पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली, पुन्हा तिथेच अडली. "पुढचं नाही गं आठवत. थांब, मावशीला विचारते, ती देवळात पुढे बसायची."

मला स्वरलिपी येत नाही. कालच्या कार्यक्रमाच्या कागदाच्या पाठीमागे ग्वीदोसारख्या चार रेघा ओढल्या आणि ठिपके मांडले. जिथे आजी थांबायची तिथे ठिपक्याखाली लांब रेघ मारली. दोन ओळी झाल्या आहेत. तिसऱ्या ओळीचे शब्द लिहिलेत, वरची जागा मोकळी ठेवली आहे. मावशीचा फोन संध्याकाळपर्यंत येईल.