ब्लँक डिस्क

आमच्या कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्याच्यावर आईने स्केचपेनने "मोडलेलं" असं लिहून ठेवलंय. आत माझी मिनिडिस्कची सगळी इस्टेट. म्हणजे एक रेकॉर्डर, एक अडॅप्टर, बटणाएवढा माइक आणि अकरा डिस्क. खरं सांगायचं तर त्यात मोडलेलं काहीही नाही, सगळं ठणठणीत चालतं, पण आईच्या हिशेबात जी वस्तू वाड्यावर दुसऱ्या कोणाकडेच नाही ती मोडलेलीच असणार, आणि इतक्या वर्षांत मला तिला उलटं पटवून देता आलेलं नाही.

मिनिडिस्क म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, फ्लॉपी ना? नाही हो, फ्लॉपी नाही. साधारण सात सेंटिमीटरची चौकोनी प्लास्टिकची डबी, जाडी ५ मिलिमीटर, आत ६४ मिलिमीटरची चकती आणि बाजूला सरकणारं एक पत्र्याचं झाकण. ते झाकण नखाने सरकवून सोडलं की खट्ट असा जो आवाज येतो, त्या एका आवाजासाठी माणूस प्रेमात पडू शकतो. मी पडलो. सोनीने हे प्रकरण १९९२ साली काढलं, कॅसेटची जागा घ्यायला. त्याच वर्षी फिलिप्सने डिजिटल कॅसेट काढली, ती चार वर्षांत आटोपली. मिनिडिस्क जपानात भरपूर चालली, युरोपात बऱ्यापैकी, आणि आपल्याकडे? आपण कॅसेटवरून जी उडी मारली ती थेट एकशेवीस गाण्यांच्या एमपीथ्री सीडीवर, मध्ये ही बिचारी कधी आली आणि कधी गेली कुणाला कळलंच नाही.

मला तरी कुठे कळणार होती, मी डिचोलीकडचा माणूस. पण गोव्यात एक सोय आहे, जगात जे जुनं होतं ते कधी ना कधी हणजुण्याला येतं. बुधवारचा फ्ली मार्केट. तिथे २००४ च्या मार्च महिन्यात, सीझन संपत आलेला, एक सोनेरी दाढीवाला चादर पसरून बसला होता आणि परत जायच्या आधी सगळं विकून टाकत होता, हॅमॉक, तंबू, दोन पुस्तकं आणि हा रेकॉर्डर. मी हातात घेतला. त्याने एक डिस्क घालून कानात हेडफोन खुपसला, आत त्यांचं ते धडधड म्युझिक. हणजुण्याच्या पार्ट्यांत डीजे लोक विनाइलच्या तबकड्या वापरत नसत हे तेव्हा मला त्याच्याकडूनच कळलं, उन्हाने वाकतात म्हणून, ते डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवरून वाजवायचे. हा मात्र मिनिडिस्कवाला. पंधराशे रुपयांत सौदा ठरला, डिस्क फुकट, फक्त डोक्याला हात लावून म्हणाला की त्यातलं त्याचं म्युझिक मी पुसू नये. मी हो म्हटलं. आणि घरी येऊन पहिली डिस्क पुसली.

पुसायला किती वेळ लागावा? एक सेकंद. कॅसेट पुसायची तर पुरी साठ मिनिटं तिच्यावर दुसरं काहीतरी भरावं लागतं, आणि इथे इरेझ दाबलं, झालं, स्क्रीनवर "ब्लँक डिस्क". मला तेव्हा याचं भारी कौतुक वाटलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता मला ती एवढी का आवडते. एक तर पावसाळा. ज्यांच्याकडे गोव्यात कॅसेटी होत्या त्यांना माहीत आहे, जून ते सप्टेंबर टेपवर पांढरी बुरशी धरते, भाताच्या पेंढ्यावर धरते तशीच. नाट्यगीतांची एक अख्खी पेटी आमच्याकडे अशी गेली. मिनिडिस्क डबीत बंद, तिला हवा लागतच नाही. दुसरं म्हणजे तिची लिहायची तऱ्हा. खालून लेझर चकतीचा एक बारीकसा ठिपका १८० अंशांच्या आसपास तापवतो आणि वरून लोहचुंबक त्याला सांगतो, तू असा वळ. तापलेला असताना तो ऐकतो, थंड झाला की मग कितीही चुंबक आणा, ऐकत नाही. आमच्या थोरल्या काकांचं बरोबर याच्या उलट आहे. आणि हे असं दहा लाख वेळा करता येतं म्हणे, म्हणजे कंपनीचं तसं म्हणणं होतं, मोजायला कोण बसलाय.

कानाचे पक्के लोक मात्र तिला नाकं मुरडतात, कारण सीडीवरचा आवाज ती जवळजवळ एक पंचमांश करून ठेवते, बाकीचा टाकून देते. काय टाकायचं ते अॅट्रॅक नावाचं एक तंत्र ठरवतं, मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज आपल्या कानाला तसाही ऐकू येणार नाही तो काढून टाकायचा. आमच्या घरच्या आरतीत पाच जोड कासाळी म्हणजे झांजा, दोन घुमटं म्हणजे तोंडाला कातडं मढवलेली मडकी, शामेळ नावाचं एक तालवाद्य आणि पंचवीस गळे असतात आणि त्यात आत्या. आत्या लागली की बाकी कोणाचं ऐकू येतच नाही, म्हणजे अॅट्रॅकचं निम्मं काम तिने आधीच केलेलं असतं.

तर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. २००५.

आजोबांचं घुमट जुनं, घोरपडीच्या कातड्याचं. आता तसं मढवता येत नाही, घोरपड वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे आणि ते बरोबरच आहे, बकऱ्याचं कातडं लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तोही बकऱ्याच्याच जमान्यात. वाजतं तेही छान, पण त्या जुन्याचा आवाज वेगळा, मडक्यात कोणी तोंड घालून हुंकार द्यावा तसा, आणि मातीच्या दुसऱ्या तोंडावर आजोबांचा डावा तळवा उघडमीट व्हायचा तसा तो हुंकार लांब-आखूड व्हायचा. आजोबा तेव्हा ऐंशीच्या पुढे. मी ठरवलं हे रेकॉर्ड करायचं. रेकॉर्डरची बॅटरी, च्युइंगमच्या पट्टीसारखी चपटी असते, ती एव्हाना मेली होती आणि पणजीत दहा दुकानं फिरून कोणी तसली नुसती ओळखलीसुद्धा नाही. म्हणून अडॅप्टर. मखराच्या मागे एकच प्लग, त्यात अडॅप्टर लावला, माइक माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायच्या चौकटीला, अडकवला, सुपारीचा घोस आणि चिबडाच्या मधोमध, म्हटलं यापेक्षा चांगला स्टँड स्टुडिओतसुद्धा मिळणार नाही.

अर्ध्या तासाने मी बघायला गेलो तर प्लगमध्ये लायटीची माळ, गणपतीच्या मागे लुकलुकतेय, आणि माझा अडॅप्टर पाटावर. ताईचा मुलगा, सात वर्षांचा, म्हणाला, तुला विचारूनच काढला. मी म्हटलं, मी नको म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, तू काढ म्हणालास. घरातल्या लोकांनी ताबडतोब त्याचीच बाजू घेतली, कारण माळ छान दिसत होती.

मशीनला पुन्हा करंट दिला. स्क्रीनवर दोन शब्द. "ब्लँक डिस्क".

याचं कारण मला खूप पुढे कळलं. मिनिडिस्कवर आवाज लिहिला जात असतो तेव्हा कुठे काय लिहिलं याची यादी मशीन नुसतं लक्षात ठेवतं. तुम्ही स्टॉप दाबलं की मग सावकाश ती यादी डिस्कच्या एका कोपऱ्यात लिहितं, तिला टीओसी म्हणतात, लिहिताना स्क्रीनवर तशी अक्षरं लुकलुकतात आणि त्या वेळी मशीनला हलवायचंसुद्धा नाही. यादी लिहायच्या आत करंट गेला तर आवाज डिस्कवर आहे पण तो आहे हे कोणालाच माहीत नाही. तलाठ्याकडे नोंद नाही म्हणून जमीन नाही, तसं. आणि इरेझ एका सेकंदात का होतं तेही यातच आलं, पुसतात ती यादी, आवाज आहे तिथेच पडून राहतो.

पुढच्या शिगम्याच्या आधी आजोबा गेले. घुमट पोटमाळ्यावर होतं, एका पावसाळ्यात त्याचं कातडं फाटलं. ती डिस्क मी डब्यात ठेवली, पुसली नाही, तिच्यावर काही भरलंही नाही. का नाही ते माहीत नाही, रिकाम्या डिस्कला जपायचं काही कारण नव्हतं.

मध्ये बरंच काही झालं, मोबाइल आले, सगळी गाणी फुकट झाली. २०१३ मध्ये सोनीने मिनिडिस्कचे प्लेअर विकायला पाठवणं बंद केलं. मला कधीकधी आमच्या केरीच्या केसरबाई आठवतात. त्यांच्या भैरवीचं रेकॉर्डिंग १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. पण ज्यांनी पाठवली ते हुशार, त्यांनी बरोबर सुई आणि कार्ट्रिजसुद्धा दिलं आणि कव्हरवर चित्रं कोरली, ही अशी वाजवा. कुठल्या तरी परग्रहावरच्या माणसाला केसरबाई ऐकायची सोय झाली, आणि माझी मिनिडिस्क कुठे बिघडली तर डिचोलीत काय, साऱ्या गोव्यात मेकॅनिक नाही.

लॉकडाऊनच्या पावसाळ्यात वेळच वेळ होता. तेव्हा वाचलं की हौशी लोक हरवलेली यादी परत आणतात. युक्ती अगदी चोरट्यासारखी आहे. तितक्याच लांबीची दुसरी डिस्क घ्यायची, ती पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच ट्रॅकने भरायची, म्हणजे तिची यादी म्हणते, "सगळी डिस्क भरलेली आहे". मग तिच्या नावात एक अक्षर वाढवायचं, म्हणजे यादी बदलली, आता ती लिहून ठेवायला हवी असं मशीनला वाटतं. आणि ते लिहायच्या आत झाकण उघडून डिस्क बदलायची. झाकण उघडलं हे मशीनला कळता कामा नये, म्हणून आत झाकणाचा जो बारीक खटका असतो तो दाबून धरायचा. मी टूथपिक आणि सेलोटेप वापरली. (आत लेझर असतो, कोणी करायला गेलंच तर डोळे त्यात घालू नका.) मग बिचारं मशीन भरलेल्या डिस्कची यादी रिकाम्या डिस्कवर लिहून टाकतं.

त्यासाठी आधी ७४ मिनिटं कशाने तरी भरायची होती, तर मी माइकच्या जागी नुसती वायर लावून ठेवली. आईने विचारलं काय करतोस. म्हटलं, शांतता रेकॉर्ड करतोय. तिने डब्यावरच्या अक्षरांकडे एकदा बघितलं आणि गेली.

पहिल्या खेपेला टूथपिक मोडली. दुसऱ्या खेपेला यादी लिहिली जाताना मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. स्क्रीनवर आलं, एक ट्रॅक, ७४ मिनिटं. प्ले.

आधी खरखर, माझाच हात माटोळीत. मग आत्या, "नेवऱ्या झाकल्या काय गो?" मग कोणीतरी खोकलं. मग घुमट, आधी दोन-तीन थापा नुसत्या अंदाज घेणाऱ्या, आजोबा कोणाला तरी म्हणाले, "शेकवलं नाही अजून, ओलं आहे," परत थाप, आणि मग सुरू. मी स्पीकर लावला. आई आतून ओले हात घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मध्येच आजोबांचा ठेका एकदा घसरला, शामेळवाल्याने सांभाळून घेतला, तेव्हा आम्हाला कोणाला ते कळलं नव्हतं. तिसऱ्या आरतीनंतर जरा थांबले, आणि तिथे अगदी माइकजवळ, बारीक आवाजात, "मामा, हा प्लग काढू काय?"

मी कान लावला. आई जवळ आली. पण या मशीनला एक सवय आहे, आलेला आवाज ते आधी काही सेकंद मेमरीत साठवतं आणि मग डिस्कवर लिहितं, धक्का लागला तरी बिघडू नये म्हणून. करंट गेला तेव्हा जे मेमरीत होतं ते डिस्कपर्यंत पोचलंच नाही. भाच्याचा प्रश्न आहे. माझं उत्तर नाही. तो आता पुण्यात असतो, त्याला मी फाइल पाठवली तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "बघ, विचारलं होतं की नाही."

आणि प्रश्न संपल्या संपल्या, पुढच्याच क्षणाला, त्या दाढीवाल्याचं धडधड म्युझिक. मी पुसलेलं, मी पुसणार नाही म्हटलेलं, उरलेली चाळीसेक मिनिटं जिथल्या तिथे. मी बंद करायला हात पुढे केला तर आई म्हणाली, "राहू दे रे, ठेका बरा आहे," आणि ओल्या हातांनीच दाराच्या चौकटीवर बोटं वाजवत उभी राहिली.