ड्रॅगच्या इंजिनाला लिफ्टर कुठले टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही पहिले नाही. (लिफ्टर म्हणजे कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा उंचवट्यांचा दांडा, आणि वरचा पुशरॉड यांच्या मधला तुकडा. हायड्रॉलिक म्हणजे मधली फट तो तेलाने आपणच मिटवतो.) शिमग्याला नाहीतर गणपतीला आखातातून सुट्टीवर आलेला एखादा पोरगा हर्णैच्या माझ्या शेडमध्ये येतो, स्टुलावर बसतो आणि चहा संपायच्या आत विषयावर येतो : "काका, ड्रॅगला इंजिन बांधतोय. हायड्रॉलिक लिफ्टर कुठले टाकू?"

मला विचारतात, कारण बहारीनमध्ये एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, इंजिन शॉपात मी अकरा वर्षं काढली. साखीरचं सर्किट २००४ साली सुरू झालं, तिथे ड्रॅगची पट्टी आहे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ पळायचं. त्या पट्टीवर तडफडून परत आलेल्या शेव्हरोलेंची हेडं उतरवणं हे माझं काम. आता आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवलेल्या होड्यांच्या लेलँडना टॅपेट लावतो. तिथे हायड्रॉलिक लिफ्टर-बिफ्टर नाही. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा.

माझं उत्तर पोरांना आवडत नाही. मी उलट विचारतो, "व्हॉल्वच्या स्प्रिंगा मोजल्यास का?" त्यांना वाटतं, काका विषय टाळतायत.

मग मी फळीवरचा जुना लिफ्टर काढतो. शेव्हरोलेचा, ०.८४२ इंच व्यासाचा. (फोर्डचा ०.८७४, क्रायस्लरचा ०.९०४, चुकीचा मागवून महिनाभर वाट बघत बसलेले मी पाहिलेत.) वरची तारेची क्लिप चिमट्याने काढली की आतला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, हातात येतो. त्याच्या बुडाला छऱ्याएवढी गोळी, ती एका दिशेनेच उघडते. खाली बारीकशी स्प्रिंग. बस्स, एवढाच संसार. व्हॉल्व बंद असताना स्प्रिंग प्लंजर वर ढकलते, मधली फट मिटते, खालच्या पोकळीत गोळीवरून तेल शिरतं. कॅम वर उचलायला लागला की गोळी बसते, तेल कोंडलं जातं आणि त्या तेलावर पुशरॉड उभा राहतो. ही काडी वरच्या रॉकरला ढकलते आणि रॉकर व्हॉल्व दाबून उघडतो. शिमग्यातली पिचकारी आठवा. तोंडाला अंगठा लावून दांडा दाबला तर पाणी भरलेली हलत नाही, आत हवा असेल तर पचकन दबते. लिफ्टरचंही तसंच. म्हणून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाचा फेस होत असेल तर कितीही महागडा लिफ्टर टाका, व्हॉल्व पूर्ण उचलला जाणार नाही.

आता पोरं ज्याला 'पंप-अप' म्हणतात आणि ज्याचं खापर कायम लिफ्टरवर फोडतात, ते काय असतं? आरपीएम चढले, स्प्रिंग कमी पडली, की व्हॉल्व कॅमच्या मागोमाग बंद होत नाही, तरंगतो. त्या क्षणी रॉकर आणि पुशरॉडमध्ये फट पडते. लिफ्टरला कामच ते दिलंय : फट दिसली की मिटव. तो प्लंजर वर सरकवतो, तेल भरून घेतो. मग व्हॉल्व परत येतो, पण सीटवर बसू शकत नाही, कारण लांब झालेल्या लिफ्टरने त्याला उघडं धरून ठेवलेलं असतं. कॉम्प्रेशन गळतं, इंजिन एकदम मेल्यासारखं होतं. पाय काढला की थोड्या वेळात तेल झिरपतं आणि सगळं पुन्हा ठीक. लिफ्टरने सांगितलेलं काम केलं, एवढाच त्याचा गुन्हा.

हे मला कळलं ते चुकून. एक सहा लिटरचा पिक-अप आला होता, नवा कॅम, हेड फेसिंग करून (घासून सपाट करून) आणलेलं. सहा हजार आरपीएमच्या आसपास फडफडायचा. मी छाती ठोकून अरबाबाला सांगितलं, लिफ्टर गेले. त्या इंजिनात लिफ्टर हेडखालून बसतात, म्हणजे दोन्ही हेडं उतरवा, गॅस्केट नवे, सोळा लिफ्टर नवे. दोन रात्री घालवल्या. पट्टीवर नेला, त्याच आरपीएमला तीच फडफड. अरबाब काही बोलला नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी शॉपातले एक दाभोळचे चाचा आले. त्यांनी प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व वर धरला, हेड न काढता एक स्प्रिंग सोडवली आणि टेस्टरवर ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. ज्यांचा भार बंद व्हॉल्ववर १४० पौंड यायला हवा, त्यातल्या तीन ११० च्याही खाली. अर्ध्या दिवसाचं काम, आणि मी दोन रात्री हेडं उतरवत होतो. हायड्रॉलिक रोलरला (खाली चाक असलेल्या लिफ्टरला) बंद व्हॉल्ववर १३० ते १५० पौंड हा माझा ठोकताळा आहे. नेमका आकडा कॅम बनवणाऱ्याचा घ्यावा.

स्प्रिंगनंतर प्रीलोड. प्लंजर क्लिपपासून किती खाली दाबलेला बसतो, ते. आम्ही थाऊमध्ये मोजायचो, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. रस्त्यावरच्या गाडीला २० ते ६० थाऊ चालतं. शेव्हरोलेच्या एलएस इंजिनात रॉकर सरळ बोल्टने आवळतात, अॅडजस्टमेंट नाही. म्हणून प्रीलोड ठरतो तो पुशरॉडच्या लांबीवर. कंपनीचा पुशरॉड ७.४०० इंच. तुम्ही हेड ३० थाऊ घासलंत आणि तोच पुशरॉड परत घातलात, तर प्रीलोड ३० थाऊ वाढलाच. कॅमचं बेस सर्कल, म्हणजे उंचवटा सोडून उरलेला गोल भाग, लहान असेल तर उलटं, तेवढा कमी झाला. दोन्ही एकदम केलं असेल तर अंदाज करू नका. लांबी मोजायचा पुशरॉड घ्या, तो स्वस्त असतो. आणि मोजताना लिफ्टर तेलाने भरलेला असेल तर प्लंजर लगेच दबत नाही, व्हॉल्वच उघडतो. पोराला वाटतं प्रीलोड शून्य. झिरपायला वेळ द्या.

ड्रॅगवाल्यांचे यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, प्लंजर क्लिपपासून जेमतेम दोन ते चार थाऊ खाली ठेवा. पंप-अप व्हायला जागाच नको. यासाठी प्लंजरचा प्रवास मुळातच कमी असलेले, जाड क्लिपचे लिफ्टर मिळतात. दुसरा म्हणतो, प्लंजर खोल दाबा, म्हणजे खालचा तेलाचा खांब बुटका आणि कडक. दोघेही जिंकतात. मी पहिल्यातला. दुसऱ्यात एकदा व्हॉल्व तरंगला की प्लंजरला वर जायला भरपूर जागा असते, आणि माझं आधीच एकदा नाक कापलं गेलंय.

एवढं झाल्यावर लिफ्टर. साडेसहा हजारांच्या आत पळणार असाल तर हायड्रॉलिक रोलर बिनधास्त घ्या, जोडपट्टीने एकमेकांना बांधलेले. कंपनीच्या इंजिनात रोलर वळू नये म्हणून प्लॅस्टिकचे ट्रे असतात. ते झिजले की रोलर तिरका होतो आणि कॅमचा लोब (उंचवटा) खाऊन टाकतो. सात हजारांच्या पुढचं स्वप्न असेल तर सॉलिड रोलर, ज्यात फट मिटवणारं तेल नसतं, आणि मग माझ्यासारखं फिलर गेज घेऊन बसायची तयारी ठेवा. फ्लॅट टॅपेटबद्दल (चाक नसलेला, सपाट बुडाचा लिफ्टर) एकच : वापरलेला लिफ्टर नव्या कॅमवर घालू नका.

बुलेटवाली पोरंही येतात. रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनाच्या क्लासिकमध्ये हायड्रॉलिक लिफ्टर असतात, आणि सकाळी जरा टकटक झाली की ती ते काढायला निघतात. त्यांना मी आधी तेलाची पातळी बघायला सांगतो. बहुतेकांची कमी निघते.

गेल्या गणपतीत आलेला एक पोरगा तोंड वाकडं करून गेला होता. महिन्याभराने बहारीनच्या मनामाहून त्याने फोटो पाठवला : टेस्टरवर स्प्रिंग, काटा ९५ वर. खाली लिहिलं होतं, "काका, नवीन मागवल्या. आता सांगा, लिफ्टर कुठले टाकू?"

मी लिहिलं, "आहेत तेच."