पिवळी पाने, कॅल्शियम आणि विहिरीचे पाणी

गेल्या हंगामात गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) साधारण ६० दिवसांनी निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत काड्यांवरची खालची पाने, शिरा हिरव्या राहून मधल्या भागात, पिवळी पडू लागली आणि ही कॅल्शियमची कमतरता समजून मी ठिबकमधून आधीच सोडत असलेल्या कॅल्शियम नायट्रेटची मात्रा आणखी वाढवली. पिवळेपणा थांबला नाही, उलट वर सरकला.

चूक निदानातच होती. मॅग्नेशियम वेलीत फिरते, त्यामुळे ते कमी पडले की वेल जुन्या पानांतले काढून शेंड्याकडे पाठवते आणि लक्षण खाली दिसते. कॅल्शियम मात्र पाण्याच्या प्रवाहाबरोबर जिथे पोहोचले तिथेच राहते, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर व मण्यांत जाणवते. मुळांपाशी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) यांची शोषणासाठी स्पर्धा चालते. मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरू लागताना, आपण पालाश भरभरून देतो, तेव्हा मॅग्नेशियम आणखी मागे पडते.

देठ परीक्षणात, म्हणजे पानांच्या देठांतील अन्नद्रव्यांच्या तपासणीत, मॅग्नेशियमच कमी निघाले, पण डोळे उघडले ते पाण्याच्या अहवालाने. आमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अवघे १२ मिलिग्रॅम मॅग्नेशियम होते. म्हणजे १०,००० लिटर पाण्याबरोबर ८०० ग्रॅम कॅल्शियम आपोआप जात होते. कॅल्शियम नायट्रेटमध्ये सुमारे १९ टक्के कॅल्शियम धरले, तर हे सव्वाचार किलो खताइतके झाले. चुनखडीच्या जमिनीत त्यातले काही अडकून राहते हे खरे, तरीही पाण्याचा हिशेब न करता मात्रा ठरवणे मला आता पटत नाही.

यंदा कॅल्शियम नायट्रेट निम्मे केले आहे, आणि तेही मणी लहान असतानाच देतो, कारण पाणी उतरल्यावर मण्यात कॅल्शियम फारसे जात नाही. मॅग्नेशियम सल्फेट, ज्यात जेमतेम साडेनऊ टक्के मॅग्नेशियम असते, वेगळ्या दिवशी सोडतो. दोन्ही एकाच टाकीत घट्ट कालवली तर जिप्समचा पांढरा साका बसून ड्रीपर बंद पडतात. फॉस्फेटही कॅल्शियमबरोबर असाच साका धरत असल्यामुळे ०:५२:३४ हे फॉस्फेट व पालाशचे खत सुद्धा कॅल्शियमच्या दिवशी देत नाही.