रॉकेटचं सेफ्टी ॲनालिसिस पास करून घेताना: माझा अनुभव

आमच्या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाचं फ्लाइट सेफ्टीचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा वाटलं, थोडं सिम्युलेशन, एक रिपोर्ट, महिन्याभरात होऊन जाईल. सात महिने लागले.

सगळं एका आकड्यावर येऊन थांबतं. एका उड्डाणात बाहेरची किती माणसं गंभीर जखमी होतील किंवा दगावतील, त्याची अपेक्षित संख्या. अमेरिकेत विमानं आणि रॉकेट उड्डाणांवर नजर ठेवणाऱ्या एफएए या सरकारी संस्थेची मर्यादा ०.०००१ आहे, आणि कुठल्याही एकट्या माणसासाठी धोका १० लाखात १ च्या वर नको, आम्हीही तेच धरलेलं. मग रॉकेट कितव्या सेकंदाला बिघडेल, तुकडे किती होतील, वारा ते कुठे नेईल, तिथे माणसं किती, हे सगळं हजारो वेळा फिरवायचं. माझा आकडा आरामात खाली आला, मी खुश, रिपोर्ट पाठवून मोकळा.

रिव्ह्यूला एक सिनियर मॅडम होत्या, त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "रॉकेट भरकटलं तर ते हवेतच नष्ट करायची कमांड दिल्यापासून इंजिन खरंच बंद पडेपर्यंत किती वेळ धरलाय?"

मी गप्प. शून्य धरला होता. कोडमध्ये टेस्टिंगसाठी टाकलेला शून्य, नंतर बदलायचा राहूनच गेला.

आता आत्ताच्या आत्ता इंजिन बंद पडलं तर रॉकेट कुठे पडेल, तो बिंदू नकाशावर सतत पुढे पळत असतो, त्याला आयआयपी म्हणतात. सुरुवातीला तो लाँचपॅडपाशीच रेंगाळतो, पण पुढे एकेका सेकंदात कित्येक किलोमीटर जातो. म्हणजे माणसाला गडबड कळायला, बटण दाबायला आणि सिग्नल पोचायला मिळून तीनच सेकंद गेले तरी बिंदू सुरक्षेची रेषा (नकाशावर आखलेली, बिंदू तिला टेकला की रॉकेट नष्ट करायचं) ओलांडून वस्तीवर गेलेला असू शकतो. आणि कमांड गेली म्हणजे काम झालं असंही नाही, एप्रिल २०२३ मध्ये स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटची, ते नष्ट करायला बसवलेली स्फोटकं फुटली तरी रॉकेट तुटायला साधारण ४० सेकंद लागले होते.

मग रेषा आत ओढली. तर नवीनच भानगड, जोराचा वारा असला की अगदी ठणठणीत रॉकेटसुद्धा रेषेला टेकायला लागलं, म्हणजे आम्हीच आमचं चांगलं रॉकेट मारणार! शेवटी उड्डाणाची दिशा थोडी समुद्राकडे वळवली आणि वाऱ्याची मर्यादा कमी केली. त्यात पेलोडचे, म्हणजे रॉकेट वर नेऊ शकतं त्या सामानाचे, काही किलो गेले, मिशनवाले दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते (बरोबरच आहे म्हणा, त्यांचा जीव त्या किलोंत अडकलेला).

लाँचच्या दिवशी बंद केलेल्या क्षेत्रात एक बोट शिरली. काउंटडाऊन थांबला, वेळ संपली, उड्डाण रद्द. एका बोटीसाठी, असं सगळे कुरकुरत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या अँटारेस रॉकेटचं उड्डाणही असंच बोटीपायी पुढे ढकललं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते रॉकेट उडाल्यावर काही सेकंदांत पॅडजवळ कोसळलं. हे मी तिथे बोललो नाही, अपशकुनी म्हटले असते.

आमचं दोन दिवसांनी उडालं. मी रॉकेट बघितलंच नाही, नजर स्क्रीनवरच्या ठिपक्यावर, खिडकीची काच थरथरली तेव्हा कळलं की पॅड सोडलंय. ठिपका रेषेपासून लांबच राहिला.

आता दुसऱ्या उड्डाणाची फाइल उघडलीय. सगळ्यात आधी कोडमध्ये शून्य सर्च केले. अजून एक सापडलं.