इंजिन पाठीमागे, पाय मात्र घोडबंदरचा

मी गाडी ठाण्यात शिकलो. म्हणजे माझ्या उजव्या पायाला मुळात एकच काम येतं, काही झालं की अॅक्सलरेटरवरून उचलायचं. रिक्षा घुसली, उचल. माजिवड्याला डावीकडून बाइकवाला आला, उचल. कासारवडवलीला मेट्रोच्या पत्र्यांपाशी अचानक लेन संपली, उचल. वीस वर्षं हेच चाललंय आणि त्या पायाने मला एकदाही दगा दिलेला नाही, त्यामुळे फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर, एका माणसाने मला "सर, पैर मत उठाइए" असं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा खरं सांगतो, थोडा रागच आला होता.

तर झालं असं की माझी चाळिशी झाली. बायको आणि शाळेतले तीन मित्र यांनी मिळून वर्गणी काढली आणि त्या ट्रॅकवर गाडी चालवायचा एक दिवस बुक केला, गाडी त्यांचीच, हेल्मेट त्यांचं, शेजारी बसणारा इन्स्ट्रक्टर पण त्यांचाच. आमच्या ग्रुपमध्ये वर्गणी फक्त गणपतीत निघते, तीही दोन वेळा आठवण करून, त्यामुळे मला आधी वाटलं काहीतरी मस्करी आहे. गाडी होती पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.०.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे काय विशेष?"

म्हटलं, "मिड-इंजिन आहे. इंजिन पुढे नसतं, सीटच्या मागे असतं, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये."

बाबांनी पेपर खाली केला. "म्हणजे आपल्या व्हॅनसारखं."

मी हसलो, पण नंतर विचार केला तर त्यात तथ्य होतं. चरईत राहायचो तेव्हा आमच्याकडे मारुती व्हॅन होती, तिचं ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असायचं आणि फिरवायचं मागची चाकं. मे महिन्यात कोल्हापूरला जाताना पुढे बसलेल्या माणसाचं बूड साताऱ्यापर्यंत शेकून निघायचं. मी लहान म्हणून मला मागे टाकायचे आणि मी रडायचो की मला पुढे बसायचंय, एकदा बसवलं, परत कधी रडलो नाही.

इंजिन मागे असलेल्या गाड्या तर आपण रोजच बघतो. रिक्षाचं मागेच असतं. २००९ ला आलेल्या नॅनोचं पण मागे होतं. पण मागे आणि मध्ये यात फरक आहे. पोर्शेचीच ९११ घ्या, तिचं इंजिन मागच्या अॅक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही पलीकडे लटकतं. केमनचं मागच्या अॅक्सलच्या अलीकडे, तुमच्या पाठीला लागून. एवढंसं अंतर, पण त्याने काय होतं ते मला ट्रॅकवर बसूनच कळलं, आधी पन्नास व्हिडिओ बघितले होते त्यातून घंटा काही कळलं नव्हतं.

सकाळी आठला पोचलो तर थंडी अशी की आपण मुंबईकडची माणसं म्हणजे दया यावी. समोर ते प्रचंड रिकामं स्टॅंड. इथे २०११, १२ आणि १३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन वेटेलने जिंकल्या, पहिल्या वर्षी आपला नारायण कार्तिकेयन पण होता, मी ती शर्यत मित्राच्या घरी बघितली होती आणि आम्ही त्याचं चोविसातलं सतरावं येणं पण साजरं केलं होतं. नंतर फॉर्म्युला वन गेली ती गेलीच. २०२३ मध्ये मोटोजीपी, म्हणजे बाइकची शर्यत, आली होती. बाकी दिवस ट्रॅक असाच, कुत्री ऊन खात बसलेली.

इन्स्ट्रक्टर तिकडचाच, बारीक चणीचा, आवाज एकदम शांत. पहिला प्रश्न, "घर में क्या चलाते हो?" मी म्हटलं हॅचबॅक, दहा वर्षं जुनी. तो म्हणाला अच्छा है. का अच्छा ते दुपारी कळलं, पॉवरफुल गाड्या चालवणारे लोक शिकायला तयार नसतात म्हणे.

गाडीत बसायचं म्हणजे आत उतरायचं. सीट एवढी खाली की आधी वाटलं थेट डांबरावरच बसलोय. पण पुढचं मस्त दिसतं, कारण पुढे इंजिनच नाही, बॉनेट उतरतं आणि दोन्ही बाजूंचे मडगार्ड वर आलेले, त्यामुळे चाकं कुठे आहेत ते बसल्या जागी समजतं. चालू केली आणि आवाज पुढून नाही आला, मानेमागून आला. चार लिटरचं सहा सिलेंडरचं फ्लॅट इंजिन, म्हणजे पिस्टन उभे नाहीत, आडवे, तीन इकडे तीन तिकडे, त्यामुळे सगळं वजन जमिनीलगत. टर्बो नाही. ताकद ४०० पीएस आणि रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या वेगाची शेवटची मर्यादा, मिनिटाला ७,८०० फेऱ्यांना. माझी डिझेल हॅचबॅक साडेचार हजाराला हात जोडते.

पहिले दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, नुसतं लाइन दाखवणं, कुठून शिरायचं कुठून निघायचं. लॅप ५.१२५ किलोमीटरचा आहे, टीव्हीवर सपाट दिसतो पण सपाट अजिबात नाही, तिसऱ्या टर्नला चढ आहे आणि पलीकडचं दिसतच नाही, मग लांबलचक सरळ पट्टा, आधी उतार मग परत चढ, आणि शेवटी चौथा टर्न. टायर थंड होते म्हणून हळूच. मला तोपर्यंत विशेष काही वाटलं नव्हतं, प्रामाणिकपणे सांगतो. गाडी नरम नाही पण कडकपण नाही, घोडबंदरला चालेल असं मनात आलं आणि मग कापूरबावडीचे खड्डे आठवून तो विचार सोडून दिला.

तिसऱ्या लॅपला तो म्हणाला आता चालवा.

आता हे कसं सांगू. माझ्या गाडीत मी स्टीअरिंग वळवतो तेव्हा आधी नाक वळतं, मग बाकीची गाडी मागून येते, शेपटीसारखी. आणि जास्त वेगात असलो तर नाक म्हणतं थांब जरा, आणि सरळच जात राहतं. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं जड सामान पुढच्या चाकांवर बसलंय, त्याच चाकांनी ओढायचंय आणि त्याच चाकांनी वळायचंय, तिथे तरी किती करणार. केमनमध्ये मी स्टीअरिंग वळवलं आणि नाक आणि मी आणि मागची चाकं, सगळे एकाच वेळी वळलो. माझ्या कमरेत खिळा मारलाय आणि गाडी त्या खिळ्याभोवती फिरतेय असं वाटलं. मी हेल्मेटच्या आत "अरे" म्हणालो ते त्यालाही ऐकू गेलं.

कारण साधं आहे. कावड खांद्यावर घेऊन दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी लटकवा आणि जागच्या जागी वळून बघा. तुम्ही वळाल, घागरी नंतर वळतील, आणि वळायला लागल्या की थांबणार नाहीत. आता त्याच दोन घागरी पोटाशी धरा आणि वळा. वजन तेवढंच, पण लगेच वळता. इंजिन मध्ये घेतलं की गाडीने घागर पोटाशी धरली, एवढंच. हे रेसिंगवाल्यांना फार आधी कळलं होतं. १९५८ ला अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने कूपर कंपनीच्या, सीटमागे इंजिन असलेल्या छोट्याशा गाडीत बसून पुढे इंजिन असलेल्या गाड्यांना हरवलं, ५९ आणि ६० ला जॅक ब्रॅबहम कूपरमध्येच चॅम्पियन झाला, आणि पुढे इंजिन असलेल्या गाडीने शेवटची फॉर्म्युला वन शर्यत जिंकली ती १९६० ची इटलीची, फेरारीच्या फिल हिलने. तीन-चार वर्षांत खेळ खलास. रस्त्यावरच्या गाड्यांत लॅम्बोर्गिनीने १९६६ ला मिउरा आणली आणि तेव्हापासून सुपरकार म्हटली की इंजिन सीटच्या मागे, मध्ये असं समीकरणच झालं. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटला मात्र इंजिन मध्ये यायला २०२० चं मॉडेल उजाडलं.

पण घागर पोटाशी धरली की तुम्ही पटकन वळता तसे पटकन गरागराही फिरता, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसरं सेशन. आता मी जरा सैलावलो होतो, नाश्त्याचे दोन ब्रेड पकोडे पोटात होते, टायर गरम, आणि मला वाटायला लागलं होतं की आपल्याला जमतं. दहा आणि अकरा नंबरचा टर्न म्हणजे एक लांबच लांब उजवं वळण, संपतच नाही, तुम्ही वळताय वळताय आणि अजून आहेच. अर्ध्यात मला दिसलं की बाहेरची लाल-पांढरी पट्टी जवळ येतेय. फार नाही, जरा जवळ. मी काही ठरवलं नाही. पाय आपोआप उचलला गेला. माजिवडा.

पुढचं सगळं एका सेकंदात झालं पण मला ते तुकड्यातुकड्यांत आठवतं. आधी नाक खाली दबलं आणि माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आत वळलं. मग बुडाखाली एक हलकेपणा आला, जिन्यावर शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसा. मग मागचा भाग डावीकडे निघाला. आवाज नाही, किंचाळणं नाही, नुसता निघाला. मी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं, फिरवलं म्हणजे हाताने स्वतःच फिरवलं, डॅशवर पिवळा दिवा लुकलुकला, कुठल्यातरी एका चाकाला गाडीने स्वतःच ब्रेक मारल्याची करकर पायाखाली जाणवली, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे अशी मान हलली आणि सरळ.

इन्स्ट्रक्टर पाच सेकंद काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अच्छा लगा?"

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथे, उभं राहून त्याने समजावलं. वळताना पाय एकदम काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, पकड जाते, आणि त्यातच इंजिन पण मागच्याच चाकांना मागे खेचत असतं. पुढे इंजिनवाल्या घरगुती गाडीत हीच चूक केली तर बहुतेक वेळा नाक नुसतं आत येतं आणि गाडी वाचवते. म्हणजे वीस वर्षं मी ज्याला माझं कौशल्य समजत होतो ते अर्धं गाडीचं होतं. बाकीचं अर्धं रिक्षावाल्यांचं, त्यांच्यामुळे मी कधी वेगात नव्हतोच. तो म्हणाला घसरती गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक्स चालू होतं म्हणून आपण इथे उभे आहोत, बंद असतं तर गवतात.

मग मी विचारलं, पाय उचलायचाच नाही का? तर म्हणाला उचलायचा, पण सांगून उचलायचा. ब्रेक, गिअर, सगळं सरळ असताना उरकायचं, वळणात शिरलं की अॅक्सलरेटर हलकासा धरून ठेवायचा आणि नाक थोडं आत हवं असेल तर एक बोटभर सैल करायचा, बाहेर जायचं असेल तर बोटभर दाबायचा. ब्रेड पकोड्याच्या कागदावर काढून दाखवलं त्याने, तेलकट, पेन उमटत नव्हतं.

शेवटच्या सेशनला पाच लॅप मिळाले. मागच्या सरळ पट्ट्यावर गाडी तिसऱ्यातून चौथ्यात चौथ्यातून पाचव्यात जाताना मानेमागे जे काही चालू होतं ते लिहून सांगण्यासारखं नाही, साडेसात हजारावर ते इंजिन गाणं-बिणं काही म्हणत नाही, पत्र्याच्या शेडवर मुसळधार पाऊस पडावा तसा आवाज येतो, सगळीकडून. स्पीडो २१८ बघितला आणि लगेच नजर काढली. ब्रेक मारला तेव्हा गाल पुढे गेले. पण खरं सांगायचं तर ते सगळं पैशाने आणि हिमतीने मिळतं, मला लक्षात राहिला तो परत तोच दहा-अकराचा टर्न.

पहिल्या दोन वेळा मी इतका घाबरलो होतो की लोकलच्या गर्दीत म्हातारा माणूस धरतो तसं स्टीअरिंग धरलं होतं. तिसऱ्या वेळी पट्टी परत जवळ आली. पायाला खाज सुटली अक्षरशः. मी त्याला म्हटलं बाबा रे तू आज ठाण्यात नाहीस, आणि बोटभर, खरंच बोटभर, सैल केला. नाक इंचभर आत आलं. हात हललेच नव्हते. परत दाबला, बाहेर गेलं. परत सैल, परत आत. त्या एका वळणात मी तीनदा हे करून बघितलं, लहान मूल दिव्याचं बटण चालू-बंद करतं तसं, आणि गाडी प्रत्येक वेळी हो म्हणाली. माझ्या आयुष्यात कुठल्या मशीनने माझं इतकं बारीक ऐकलेलं नाही. वॉशिंग मशीन तर अजिबातच नाही.

इन्स्ट्रक्टर म्हणाला, "अब समझे." बस एवढंच, पण मला दहावीच्या निकालापेक्षा बरं वाटलं.

रात्रीच्या विमानाने परत. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर माझ्या हॅचबॅकचं स्टीअरिंग ओल्या दोरीसारखं लागत होतं आणि मानपाड्याच्या अलीकडे एक टेम्पो इंडिकेटर न देता आडवा आला. पाय क्षणात वर. पाठ केलेलं सगळं गेलं खड्ड्यात, आणि बरंच झालं.

संध्याकाळी बाबांना फोटो दाखवत होतो. त्यांनी चष्मा काढून फोन नाकाला लावला.

"बॉनेट उघडलंय वाटतं. इंजिन कुठाय?"

"बॉनेटखाली डिकी आहे बाबा."

"आणि मागे?"

"मागे पण डिकी. ऑइल आणि कूलंट ओतायची झाकणं तेवढी दिसतात. इंजिन त्याच्या खाली, सीटच्या मागे."

"मग बघायचं झालं तर?"

"असं नाही बघता येत. गॅरेजला न्यायची, गाडी वर चढवायची, मग खालून."

बाबांनी फोन परत दिला, चष्मा घातला. "सीट उचलायची सोय ठेवायची ना मग," म्हणाले, "एवढे पैसे घेतात तर."