तुम्ही विचारलंत म्हणून: आश्रमातली सगळी मुलं अनाथच असतात का?

मराठवाड्यातल्या एखाद्या बालगृहाचं नाव निघालं की दोन प्रश्न हटकून येतात. आश्रम निघाला कसा, आणि तिथली मुलं सगळी बिनआईबापाचीच का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. कुणाला आई आहे पण ती मजुरीला परमुलखात, कुणाला आजी आहे पण तिलाच दिसत नाही, कुणाचा बाप आहे पण गुत्त्यावर. हे असं का, ते पहिल्या प्रश्नात दडलंय. आपल्याकडे एकेका संकटानं आपापली मुलं मागे ठेवली आणि त्यांच्यासाठी घरं उभी राहिली.

त्यातलं सगळ्यात मोठं किल्लारीच्या भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं नुकती आडवी झालेली. घरं दगडमातीच्या जाडजूड भिंतींची, वर लाकडावर तोललेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून माळवदावर मातीचे थर चढत गेलेले. धक्का बसला तशी ती सगळी माती आणि दगड झोपलेल्यांच्या अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. मागे राहिलेल्या मुलांसाठी दोन वाटा निघाल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभारलं, म्हणजे मूल मुलखातच राहिलं.

शाळा-कॉलेजच्या हिशेबानं पुणं चांगलंच. पण मूल जवळ असण्याचा एक फायदा बाहेरच्यांना दिसत नाही: सातबारा. बाप गेला की वारसाचा फेरफार व्हावा लागतो, आणि मूल लहान असेल तर उताऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लागतं, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा पालनकर्ता अमुक. तो अमुक बहुतेक चुलता असतो. मूल नजरेआड गेलं, की कधी कधी वारस लावतानाच त्याचं नाव गळतं, आणि अठराव्या वर्षी पोरगा गावात जातो तेव्हा जमीन दुसऱ्याच्या नावावर झालेली असते. म्हणून मूल दाखल झालं की वहीत जसं त्याचं वजन-उंची लिहितात, तसा त्याच्या जमिनीचा गट नंबरही लिहून ठेवावा.

पुढची लाट एचआयव्हीची. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांचं सेवालय २००७ पासून एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी आहे. बीडजवळ पालीला इन्फंट इंडियाचं कामही तेच. गरोदरपणातच आईला औषध सुरू होऊ लागल्यानं आता अशी नवी मुलं कमी जन्मतात, आणि आधीची मोठी झाली. तिथला प्रश्न गोळ्यांकडून नोकरी आणि लग्नाकडे सरकलाय.

तिसरं संकट दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येतं. बीडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, उचल (आगाऊ पैसे) घेऊन साखर कारखान्यांवर निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून, त्यामुळे घरात मागे कुणीच नाही. पोर उसाच्या फडात गेलं की शाळा सुटली. शिरूर कासार तालुक्यातलं आर्वीचं शांतिवन उभं राहिलं ते ऊसतोडणाऱ्यांच्या मुलांसाठी. या मुलांना अनाथ म्हणून हाक मारू नका, त्यांचे आईबाप हंगाम संपला की दारात येतात.

आता मूल दाखल होतं कसं? रस्त्यावर, स्टँडवर मूल दिसलं तर थेट आश्रमात सोडून येणं ही पुण्याई नाही, कायद्यानं चूक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मूल बाल कल्याण समितीपुढे गेलं पाहिजे. मग गृहचौकशी, तिचा अहवाल १५ दिवसांत. या पहिल्या कागदावर पुढचं सगळं उभं असतं: मूल नातलगाकडे जाणार, संस्थेत राहणार की दत्तकासाठी मुक्त होणार. शासनानं २०१८ साली अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते काढायला बसलं की नोंदी तपासल्या जातात. वहीत नाव ‘पप्पू’, शाळेत ‘प्रवीण’, आधारवर तिसरंच, आणि समितीचा आदेश फायलीत नाही. तिथे वर्ष जातं.

खायचं विचाराल तर नियमात माणशी माप ठरलेलं आहे: दिवसाला धान्य ६०० ग्रॅम, डाळ १२० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, दूध १५० मिलि. पन्नास मुलांना म्हणजे ३० किलो धान्य, ६ किलो डाळ, साडेसात लिटर दूध, रोज. १५ ऑगस्टला पाच घरांतून जिलेबी येते आणि निम्मी रात्री फेकावी लागते. १८ ऑगस्टला डाळ विकत आणतातच.

कपड्यांचंही तसंच. जुन्या साड्या-शर्टांचे गठ्ठे नकोत, चड्ड्या-बनियन, चपला आणि मोठ्या मुलींसाठी पॅड लागतात. आणि खरजेचं मलम. एका पोराला खरूज झाली आणि त्यालाच मलम लावलं तर पंधरा दिवसांत ती पुन्हा येते, कारण शेजारच्या गादीवरच्याला अजून खाज सुटलेलीच नसते. डॉक्टरांना विचारून पर्मेथ्रिनचं मलम एकाच रात्री सगळ्यांना, स्वयंपाकाच्या मावशींसकट, मानेपासून तळपायापर्यंत. सकाळी आंघोळ, चादरी-कपडे कढत पाण्यात, आठवड्यानं पुन्हा एकदा. पन्नास जणांचं मलम दोन्ही वेळचं धरून घ्यावं लागतं, आणि मे महिन्यात हे निघालं तर धुण्यासाठी जादा टँकर आधी सांगून ठेवावा लागतो. वाढदिवसाला काय आणू म्हणून विचारलंत, तर त्या आठवड्यात तो टँकरच द्या.